बाटलीवरचा आकडा आणि ताटातला आवळा

प्रश्न : मी सांगलीची, वय ५४. यजमान ६१ वर्षांचे. त्यांना सात वर्षांपासून मधुमेह आहे, गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली. शुगरच्या, कोलेस्टेरॉलच्या आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. रोज पाऊण तास चालतात. 'अँटिऑक्सिडंट भरपूर पोटात गेली पाहिजेत' म्हणून नणंदेनं यादी करून दिली. त्याप्रमाणे चार महिने आम्ही दोघंही सकाळी उपाशीपोटी बाटलीतला आवळ्याचा रस, हळदीची मिरीअर्क घातलेली गोळी, ग्रीन टीच्या अर्काची कॅप्सूल आणि परदेशातून आलेली मशरूम पावडर घेतो. पावडरीच्या डब्यावर 'ओरॅक' म्हणून भलामोठा आकडा छापलाय. जेवण झालं की वर ग्रीन टी. महिन्याला पाच-सहा हजार जातात, पण माझं हिमोग्लोबिन १० वरच अडकलंय. या सगळ्याचा उपयोग होतो का? शिजवलं की सगळं मरतं म्हणतात, मग कच्चंच खावं का? माहेरी कोकणात पावसाळ्यात रानातली अळंबी आणतात, ती या पावडरीपेक्षा चांगली का? आणि सासूबाई म्हणतात, 'एवढ्या बाटल्या कशाला, माझा मोरावळा खा.' त्यांचं बरोबर आहे का? — एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, बाकीचं सगळं सावकाश वाचा, पण दोन गोष्टी आजच थांबवा. हळदीची मिरीअर्कवाली गोळी आणि ग्रीन टी अर्काची कॅप्सूल, दोघांचीही.

ग्रीन टीतलं मुख्य द्रव्य ईजीसीजी. कपातून येतं तेव्हा ते थोडं-थोडं, पाण्याबरोबर येतं. कॅप्सूलमधून एकदम येतं, आणि उपाशीपोटी घेतलं तर रक्तात आणखी जास्त उतरतं. पूरक गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलीग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजी घेणाऱ्यांमध्ये यकृताला इजा होत असल्याची खूण असलेली एन्झाइम्स रक्तात वाढलेली दिसतात, असं युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१८ साली स्पष्ट केलं. कॅप्सूलच्या बाटलीमागचा बारीक मजकूर वाचा. 'अर्क ५०० मिलीग्रॅम' आणि 'ईजीसीजी ५०० मिलीग्रॅम' यात फरक आहे, आणि कित्येक बाटल्यांवर दुसरा आकडा लिहिलेलाच नसतो.

हळदीच्या गोळीचंही तसंच. साध्या हळदपुडीत कुरकुमिन, म्हणजे हळदीतलं मुख्य पिवळं द्रव्य, साधारण तीन टक्के. म्हणजे भाजी-आमटीत पडणाऱ्या चिमूट-दोन चिमटीतून ते जेमतेम काही मिलीग्रॅम मिळतं. गोळीत मात्र ५०० मिलीग्रॅम शुद्ध केलेला अर्क असतो, म्हणजे पंधरा ग्रॅमहून जास्त हळदीचं कुरकुमिन एका घोटात. वर मिरीतलं पायपरीन. ते यकृताची आणि आतड्याची बाहेरचे पदार्थ निकामी करून टाकायची यंत्रणा मंदावतं. म्हणूनच कुरकुमिन रक्तात जास्त टिकतं. १९९८ साली बेंगळुरूच्या प्रयोगात २० मिलीग्रॅम पायपरीननं ते कैक पटींनी वाढलेलं दिसलं, आणि तेव्हापासून प्रत्येक गोळीवर 'विथ पायपरीन' छापतात. पण ती यंत्रणा मंदावली की तुमच्या यजमानांच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्याही रक्तात जास्त टिकू शकतात, हे कुणी छापत नाही. इटली, अमेरिका, ऑस्ट्रेलिया या देशांत हळदीच्या पूरक गोळ्यांनंतर यकृताला सूज आल्याच्या नोंदी झाल्या आहेत. शिवाय रक्त पातळ करायच्या गोळ्यांबरोबर असे जोरकस अर्क घेतले तर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो.

दोघांचीही यकृताची तपासणी, एलएफटी, करून घ्या. चार महिने झालेत. लघवी गडद होणं, डोळ्यांत पिवळेपणा, अंगाला खाज, भूक मरणं, उजव्या बरगडीखाली दुखणं यांतलं काही असेल तर रिपोर्टची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा. बाटल्या फेकू नका. पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा, कारण त्यांना लेबलच लागेल. आणि डॉक्टरांनी दिलेली एकही गोळी आपल्या मनानं बंद करू नका.

आता तो आकडा.

'ओरॅक' ही प्रयोगशाळेतली मोजणी आहे. परीक्षानळीत पदार्थाचा अर्क घालायचा आणि तो ऑक्सिडेशन, म्हणजे ऑक्सिजनमुळे होणारी झीज, किती वेळ रोखून धरतो ते पाहायचं. ती रोखणारी द्रव्यं म्हणजे अँटिऑक्सिडंट. तिची एक साधी बहीण डीपीपीएच चाचणी, आपल्याकडच्या कॉलेजांतही करतात. गडद जांभळं द्रावण असतं, त्यात आवळ्याच्या रसाचे चार थेंब टाकले की बघता-बघता ते फिकट होत पिवळं पडतं. दिसायला जादूच. पण त्या नळीत जठर नाही, आतडं नाही, यकृत नाही. खरं अन्न पोटात गेल्यावर यातली बहुतेक द्रव्यं फार थोडी शोषली जातात. जी जातात त्यांना यकृत दुसरं रूप देऊन तासाभरात लघवीवाटे काढायला लागतं. अमेरिकेच्या कृषी खात्यानं पूर्वी ओरॅकचे तक्ते प्रसिद्ध केले होते. या आकड्यांचा माणसाच्या तब्येतीशी संबंध दाखवता येत नाही आणि कंपन्या त्यांचा जाहिरातीत गैरवापर करतात, असं सांगून २०१२ साली त्यांनीच ते काढून टाकले. त्या तक्त्यात लवंगेसारखे मसाले सगळ्यात वर होते, दर १०० ग्रॅमला. शंभर ग्रॅम लवंगा तर वर्षभरातही घरात संपत नाहीत.

म्हणजे डब्यावरचा तो आकडा खोटा असेलच असं नाही, पण तो तुमच्या शरीराबद्दल काही सांगत नाही.

'थोडं चांगलं तर जास्त आणखी चांगलं' हा हिशोब इथे चालत नाही, आणि हे कळायला मोठी किंमत मोजावी लागली आहे. फिनलंडमध्ये २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला. गाजरातलं बीटा कॅरोटिन, रोज २० मिलीग्रॅमची गोळी. १९९४ साली निकाल आला तेव्हा गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेतला तसाच दुसरा प्रयोग १९९६ साली मध्येच थांबवावा लागला, तिथेही कर्करोग वाढलेलाच दिसला. ई जीवनसत्त्वाच्या ४०० युनिटच्या गोळीनं प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी वाढल्याचं २०११ साली दिसलं. गाजर खाऊन असं कुणाला झालेलं नाही. घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल तर बीटा कॅरोटिनच्या गोळ्या त्याच्या हाती मुळीच लागू देऊ नका.

यजमान रोज चालतात म्हणून आणखी एक सांगते. व्यायाम केला की स्नायूंत ऑक्सिडेशन वाढतं, आणि तोच शरीराला निरोप असतो की आपली संरक्षणाची एन्झाइम्स वाढव, इन्सुलिनला नीट प्रतिसाद दे. २००९ साली जर्मनीत तरुण, निरोगी पुरुषांना चार आठवडे व्यायाम करायला लावला. निम्म्यांना रोज क जीवनसत्त्व १००० मिलीग्रॅम आणि ई जीवनसत्त्व ४०० युनिट दिलं. इन्सुलिनचा प्रतिसाद सुधारला तो गोळ्या न घेणाऱ्यांचा. घेणाऱ्यांचा निरोपच पुसला गेला. हा प्रयोग मधुमेहींवर नव्हता, पण साखर आटोक्यात यावी म्हणून चालणाऱ्या माणसाला उपाशीपोटी अँटिऑक्सिडंटांचा मारा करू नये, एवढं शहाणपण त्यातून घ्यावंच. भाज्या-फळांतली द्रव्यं काम करतात ती बहुधा वेगळ्या वाटेनं. शरीराला हलकासा टोचा देऊन ती आपलीच संरक्षणव्यवस्था जागी ठेवतात. त्यासाठी मात्रा थोडी आणि रोजची लागते.

म्हणून आता स्वयंपाकघरात येऊ. तुमचा खरा फायदा तिथे आहे.

आवळ्यापासून सुरुवात करते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात आवळ्यात १०० ग्रॅमला सुमारे २५० मिलीग्रॅम क जीवनसत्त्व आहे. जुन्या पुस्तकांत ६०० दिसेल, ती जुनी मोजणी. कमी आकडा धरला तरी एका मध्यम आवळ्याच्या ३०-३५ ग्रॅम गरातून ८० मिलीग्रॅमच्या आसपास मिळतं. पुरुषाची दिवसाची गरज ८०, बाईची ६५. म्हणजे माणशी एक आवळा, संपला विषय. रोज रस प्यायची गरज नाही. बाटलीतल्या रसात टिकाऊपणासाठी घातलेली रसायनं असतात, कधी साखर असते, आणि उघडून महिनाभर ठेवलेल्या बाटलीतलं क जीवनसत्त्व दिवसागणिक उतरत जातं.

क जीवनसत्त्वाचे चार वैरी : उष्णता, हवा, पाणी आणि धातू. त्यातलं तांबं सगळ्यात वाईट. आवळा तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवला की ऑक्सिडेशन भराभर होतं. लोखंडी कढईत किंवा बिडाच्या तव्यावर आवळ्याचा कीस टाकून बघा, दोन मिनिटांत शाईसारखा काळा होतो. ते आवळ्यातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, आणि कढईतलं लोह यांचं लग्न. विषारी नाही, पण तेवढं टॅनिन आणि तेवढं लोह एकमेकांत अडकलं. म्हणून किसणी स्टीलची, भांडं स्टीलचं किंवा काचेचं. कीस पानात वाढायच्या आधी करा. एक आवळा, अर्धी हिरवी मिरची, कोथिंबीर, चमचाभर दाण्याचं कूट, चिमूट मीठ. तासभर उघडा ठेवलात तर काठ तपकिरी होतात, तोच ऑक्सिडेशनचा खूण-शिक्का.

आवळा कार्तिकात येतो आणि माघापर्यंत मिळतो. वर्षभरासाठी ठेवायचा तर डाग नसलेले आवळे धुवा, पुसून अगदी कोरडे करा आणि अख्खेच पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाका. कापून गोठवले तर कापलेल्या प्रत्येक बाजूनं हवा लागते. बाहेर काढून दहा मिनिटं ठेवला की दोन बोटांत दाबल्यावर फोडी आपोआप सुटतात, सुरीही लागत नाही. गोठवल्यानं पेशी फुटतात, म्हणून चव मऊ लागते, पण कामाचं ते शाबूत राहतं. उकडायचा असेल तर पाण्यात बुडवून नको, चाळणीवर आठ-दहा मिनिटं वाफवा आणि खालचं पाणी आमटीत घाला.

'शिजवलं की सगळं मरतं' हे अर्धसत्य आहे, आणि या एका वाक्यानं लोक फार फसतात. क जीवनसत्त्व आणि कोकमातला लाल रंग उष्णतेनं जातात. टोमॅटोतलं लायकोपीन मात्र तेलात शिजवल्यावर जास्त चांगलं शोषलं जातं. कच्च्या टोमॅटोत ते पेशींच्या भिंतीत अडकून असतं. कांद्यातलं क्वेर्सेटिन उष्णतेला बऱ्यापैकी दाद देत नाही. ते पाण्यात उतरतं, म्हणून कांदा उकडून पाणी फेकलं तर गेलं, रस्सा प्यायलात तर पोटातच आलं. ते बाहेरच्या थरांत जास्त असतं. कांदा सोलताना कागदासारखी साल काढायची की थांबायचं. वरचा गुलाबी मांसल थर 'कडक आहे' म्हणून फेकतात, तोच सगळ्यात श्रीमंत. मेथी, चवळी, राजगिरा, शेवग्याचा पाला यांतलं कॅरोटिन तेलाशिवाय फारसं शोषलं जात नाही, म्हणून पालेभाजीला माणशी एक चमचा तेल हवंच. 'बिनतेलाची' पालेभाजी करून काही साधत नाही. आधी धुवा, मग चिरा. लसूण ठेचून दहा मिनिटं राहू द्या आणि मग फोडणीत टाका. ठेचल्यावर त्यातलं एन्झाइम काम करून अॅलिसिन तयार करतं, लगेच तापवलं तर ते एन्झाइमच मरतं.

आणि नातवंडं-मुलं केळं घालून स्ट्रॉबेरीचा किंवा जांभळाचा शेक करत असतील तर केळं वेगळं खाऊ द्या. कापलेलं केळं काळं पाडणारं एन्झाइम फळांतली फ्लॅव्हॅनॉलं नावाची अँटिऑक्सिडंटं खाऊन टाकतं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात केळं घातलेल्या पेयानंतर ती रक्तात ८४ टक्क्यांनी कमी आढळली.

हळद. सांगलीत राहून तुम्ही हळदीची गोळी विकत घेता, याचं खरंच वाईट वाटलं. २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालेली हळद तुमच्या दारात आहे. हळकुंडं आणा आणि डोळ्यांदेखत दळून घ्या, कारण भडक पिवळ्या सुट्या हळदीत शिशाच्या रंगाची भेसळ होऊ शकते. काचेच्या बरणीत उजेडात ठेवू नका, डब्यात ठेवा. साडीवर हळदीचा डाग पडला की साबण लावल्यावर तो लाल होतो आणि उन्हात टाकल्यावर उडून जातो. कुरकुमिन उजेडात आणि अल्कलीत टिकत नाही, हे प्रत्येक बाईनं दोरीवर पाहिलेलं आहे. गरम पाण्यात अर्धा चमचा हळद तुम्ही ढवळता तेव्हा ती तळाशी बसते, कारण ती पाण्यात विरघळतच नाही. तेलाच्या फोडणीत, आच कमी करून, शेवटी घाला आणि लगेच भाजी टाका. वरणात चार मिरी ठेचून पडली तर काही बिघडत नाही. स्वयंपाकातली मिरी आणि गोळीतला अर्क यांची बरोबरी नाही.

आता अळंबी, कारण त्या पावडरीत खरोखर एक मोलाची गोष्ट असायला हवी होती. तिचं नाव एर्गोथायोनीन. १९०९ साली फ्रान्समध्ये शार्ल टान्रे यांनी ती राय नावाच्या धान्यावरच्या बुरशीत शोधली. वनस्पती आणि प्राणी ती तयार करू शकत नाहीत, बुरशी आणि काही जीवाणूच करतात. तरीही आपल्या आतड्यात आणि पेशींवर ती आत ओढून घेणारं खास प्रथिन आहे, ते २००५ साली ओळखलं गेलं. शरीर ज्या द्रव्यासाठी दरवाजा ठेवतं आणि आठवडेच्या आठवडे ते साठवतं, ते कामाचं असणार असं मानायला जागा आहे. अळंबी खाऊन अमुक रोग टळला असं माणसांवरच्या मोठ्या प्रयोगांत सिद्ध झालेलं नाही, म्हणून औषध समजू नका. भाजी समजा, आणि भाजी म्हणून ती उत्तमच आहे.

पांढऱ्या बटण अळंबीपेक्षा धिंगरीत, म्हणजे शिंपल्यासारख्या पसरट अळंबीत, एर्गोथायोनीन कितीतरी पट जास्त असतं. ही धिंगरी आपल्याकडे गव्हाच्या काडावर, भाताच्या पेंढ्यावर, सोयाबीनच्या भुसकटावर पिकवतात. तुमच्या जिल्ह्यातही पिकवणारे सापडतील. घेताना काठ कोरडे, बोटाला चिकट नसलेले, वास मातीचा. आंबट किंवा अमोनियासारखा वास आला तर परत करा. प्लास्टिकमध्ये घाम येऊन ती दुसऱ्या दिवशी बुळबुळीत होते, म्हणून कागदी पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा.

करायची कशी? दोघांना २०० ग्रॅम पुरे. भिजत घालू नका. वाहत्या पाण्याखाली झटकन धुवा आणि फडक्यावर टिपा. देठाचा खालचा चामट भाग काढा आणि उभ्या पट्ट्या हातानं फाडा. दुपारच्या उन्हात अर्धा तास पट्ट्या कल्ल्यांची, म्हणजे खालच्या पापुद्र्यांची, बाजू वर करून ताटात ठेवल्यात तर अळंबीतल्या एर्गोस्टेरॉलचं ड जीवनसत्त्व होतं, हा बोनस. मग पसरट कढई चांगली तापवा, दोन चमचे तेल, आणि पट्ट्या एकावर एक न येता पसरा. मीठ आधी घालू नका. आधी मीठ पडलं की पाणी सुटतं, भाजी परतायच्याऐवजी उकडते आणि रबरासारखी होते. सहा-आठ मिनिटं मोठ्या आचेवर, कडा तांबूस झाल्या की मग मीठ, ठेचलेला लसूण, मिरपूड. पाणी सुटलंच तर ओतून टाकू नका, आटवा, कारण एर्गोथायोनीन पाण्यात उतरतं. उष्णतेनं ते फारसं जात नाही, त्यामुळे शिजवायला अजिबात घाबरू नका. कच्ची अळंबी तर खाऊच नका. ती पचायला जड जातेच, शिवाय बटण अळंबीत अॅगारिटिन नावाचं नको असलेलं द्रव्य असतं, ते शिजवल्यावर बरंच कमी होतं. वाळवलेली धिंगरी असेल तर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, ते पाणी गाळून त्यातच सूप करा. आठवड्यातून दोनदा केलीत तरी पुष्कळ.

पावडरीचं काय? बऱ्याच पावडरींत अळंबीचं फळ नसतंच. धान्यावर बुरशीचं जाळं वाढवतात आणि धान्यासकट दळतात. घरच्या घरी बघा : चमचाभर पावडर पाण्यात कालवून त्यात टिंक्चर आयोडिनचे दोन थेंब टाका. निळी-काळी झाली तर त्यात धान्याचा स्टार्च आहे. अळंबीत स्टार्च नसतो. महिन्याला हजारो रुपये देऊन पीठ खाण्यापेक्षा ते पैसे धिंगरीला घाला. निळी झाली नाही तरी यजमानांच्या गोळ्यांबरोबर ती चालेल की नाही ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

माहेरच्या रानअळंबीबद्दल मात्र मला कळकळीनं सांगायचंय. वारुळाजवळ येणारी अळंबी पिढ्यान् पिढ्या ओळखणारी माणसं कोकणात आहेत, त्यांच्या हातची खाल्लीत तर गोष्ट वेगळी. पण 'चांदीचं नाणं काळं पडलं नाही म्हणजे चांगली', 'लसूण टाकून बघितली', 'किड्यांनी खाल्लीय म्हणजे विषारी नाही', यांतली एकही कसोटी खरी नाही. सगळ्यात घातक अळंबींतलं अॅमॅटॉक्सिन शिजवून, तळून, वाळवून जात नाही. उलट्या-जुलाब खाल्ल्यावर सहा ते बारा तासांनी, कधी त्याहून उशिरा सुरू होतात. मग एक दिवस माणूस बरा झाल्यासारखा वाटतो आणि आत यकृत खलास होत असतं. खाल्ल्यानंतर एवढ्या उशिरा जुलाब सुरू झाले तर घरगुती उपाय करत बसू नका. उरलेली अळंबी कागदात गुंडाळून सोबत घ्या आणि थेट मोठ्या रुग्णालयात जा. स्वतः ओळखता येत नसेल तर रानातली आणू नका.

असाच एक इशारा दुधीबद्दल. नणंदेच्या यादीत पुढे कधी दुधीचा रस आला तर घोट घेण्याआधी चव बघा. कडू लागला तर लगेच थुंका. कडू दुधीतल्या कुकुर्बिटॅसिननं रक्ताच्या उलट्या होऊन माणसं दगावली आहेत.

तुमचं हिमोग्लोबिन. जेवण झालं की ग्रीन टी, हेच त्यातलं एक कारण असू शकतं. चहातली टॅनिनं भाजी-भाकरीतलं लोह धरून ठेवतात, शोषू देत नाहीत. परीक्षानळीत ज्यामुळे ती नंबर वर नेतात, तोच गुण ताटात आडवा येतो. चहा कुठलाही असो, जेवणाआधी आणि नंतर एक तास नको. मधल्या वेळी दिवसाला दोन कप ग्रीन टी खुशाल घ्या, तो कॅप्सूलसारखा नाही. आवळ्याचा कीस मात्र जेवतानाच खा, नाचणीची भाकरी आणि पालेभाजी यांच्याबरोबर, किंवा लिंबू पिळा. क जीवनसत्त्व वनस्पतीतलं लोह शोषायला मदत करतं. पण ताई, चोपन्नाव्या वर्षी हिमोग्लोबिन १० असेल तर ते 'बायकांचं असतंच तसं' म्हणून सोडू नका. पाळी गेल्यानंतर रक्त कुठून कमी होतंय ते शोधावं लागतं. डॉक्टरांना फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२ आणि शौचातलं रक्त यांच्या तपासण्यांबद्दल विचारा.

यजमानांसाठी दोन बारीक गोष्टी. रक्त पातळ करायच्या गोळ्या दोन जातींच्या. अॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेल असेल तर पालेभाज्यांचं काही वेगळं पथ्य नाही. वॉरफॅरिन किंवा एसेनोक्युमॅरॉल असेल तर पालेभाज्यांतलं के जीवनसत्त्व गोळीच्या विरुद्ध काम करतं. भाजी सोडायची नाही, पण रोज साधारण सारखीच खायची. एक आठवडा काहीच नाही आणि मग एकदम जुडीभर, असं नको. आणि कोलेस्टेरॉलची गोळी कोणती ते सांगून पपनस चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. ग्रेपफ्रूट काही स्टॅटिन गोळ्या रक्तात वाढवतं, आणि पपनस त्याच्या जवळच्या नात्यातलं आहे.

उन्हाळ्यात त्यांना कोकम द्या, पण साखरेच्या सिरपचं नको, आणि आगळही जपून, त्यात भरपूर मीठ असतं. बिनमिठाची चार-पाच आमसुलं पेलाभर पाण्यात तासभर भिजवा, कुस्करा, जिऱ्याची पूड टाका. रंग खरा की घातलेला, ते बघायला वाटीभर सरबतात चिमूट-चिमूट खायचा सोडा टाकत जा. फेस येतो, आणि कोकमाचा खरा लाल रंग जांभळट-निळसर, मग काळपट हिरवा होत जातो. कृत्रिम लाल रंग लालच राहतो.

राहिला सासूबाईंचा मोरावळा. बाटल्यांबद्दल त्यांचं अगदी बरोबर आहे. मोरावळ्याबद्दल अर्धं. आवळे टोचून तुरटीच्या पाण्यात भिजवायचे, उकडायचे, दोन्ही पाणी फेकायची, यात क जीवनसत्त्व बरंचसं निघून जातं. टॅनिनं थोडीफार राहतात, आणि भोवती सगळी साखर. यजमानांना तो नको. तुमची शुगर ठीक असेल तर जेवणानंतर एखादी फोड गोड म्हणून खा, औषध म्हणून नाही. आणि पुढच्या मोसमात त्यांच्यासोबत बसून अर्धे आवळे मोरावळ्याला ठेवा, अर्धे पुसून फ्रीझरला. त्यांच्या हातची आवळा-सुपारी करणार असाल तर फोडी पातळ करा, मीठ बेतानं आणि कडक उन्हाऐवजी वारा लागेल अशा सावलीत वाळवा. उन्हात लवकर वाळते खरी, पण क जीवनसत्त्व तिथेच उडून जातं.